अंगठ्याचा कल
पावलातील 26 अस्थींपैकी अंगठ्यामागील लांब अस्थी जेव्हा हळूहळू दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो, तेव्हा कडेला दिसणारा उंचवटा नव्याने वाढलेल्या हाडाचा नसून बहुधा जागा सोडलेल्या सांध्याचाच असतो. ही प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असली, तरी निमुळती, उंच टाचांची पादत्राणे तिला बळ देतात. दाबले गेलेले दुसरे बोट मग आकड्यासारखे वाकते व त्यावर कुरूप धरते; हे कुरूप घरच्या घरी ब्लेडने कापणे, विशेषतः मधुमेहाने पावलांची संवेदना बोथटलेल्या माणसाने, मला अत्यंत घातक वाटते, कारण न जाणवलेली जखम चिघळून पाय गमावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ऐसपैस चपलेने वेदना पुष्कळ कमी होतात. प्रौढपणी अंगठा सरळ करण्याची तजवीज मात्र शस्त्रक्रियेवाचून होत नाही.