नाव फ्रायर, काम भट्टीचे

इंद्रलोकच्या आसपासच्या वस्त्यांतल्या महिलांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, एअर फ्रायरमध्ये केलेली करंजी शुगरवाल्याला चालते ना? त्यात तेलच नसतं म्हणे." विचारणारी बहुधा इंद्रलोकच्या इमारतींत स्वयंपाकाला जाणारी असते. मशीन मालकिणीच्या ओट्यावरचे, पण त्याची कळ, त्याची टोपली, त्याचा तऱ्हेवाईकपणा या भगिनींना मालकिणीपेक्षा जास्त माहीत. आता काही घरांत ते मशीन आपलेही झाले आहे. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर त्याचाच हिशेब मांडतो.

आधी उत्तर देऊन टाकू. तेल कमी होते हे खरे. पण शुगर वाढते ती सारणातल्या गुळाने, साखरेने आणि पारीच्या मैद्याने, आणि ते कोणतेही मशीन कमी करत नाही.

हे मशीन तळत नाहीच. वर तापणारी तार असते, तिच्यावर पंखा असतो, आणि खाली भोकांची टोपली. पंखा तापलेली हवा जोरात फिरवतो आणि पदार्थ चहूबाजूंनी भाजला जातो. म्हणजे ही छोटीशी, फार जोमाने वारा घालणारी भट्टी आहे. फिलिप्स कंपनीने २०१० साली हे मशीन बाजारात आणले तेव्हा "फ्रायर" हे नाव दिले, आणि त्या नावामुळेच लोकांना वाटते की तळण्यातले सगळे वाईट गेले आणि चव तेवढी राहिली.

तळताना काय होते ते समजून घेतले तर फरक कळतो. कढईतले तेल १७० ते १८० अंश तापलेले असते. करंजी आत सोडली की पारीतल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे निघतात. वाफ बाहेर येत असते तोवर तेल फारसे आत शिरत नाही. करंजी झाऱ्यावर काढली, गार होऊ लागली, की रिकाम्या झालेल्या बारीक छिद्रांत वर चिकटलेले तेल ओढले जाते. किती, हे ज्याच्या त्याच्या घरी मोजता येते. तळण्याआधी तेल मापाने घाला, गार झाल्यावर पुन्हा मापा. जे कमी भरले त्यातले थोडे कागदाला आणि झाऱ्याला, बाकी आपल्या पोटात. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम आणि सव्वाशे कॅलरी.

हे वरचे तेल एअर फ्रायर वाचवतो. पण पिठात घातलेले मोहन आणि सारणातले खोबरे, तीळ, शेंगदाणे यांचे तेल तसेच राहते. हा मुद्दा खारी आणि पफच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे.

बाजारात गोठवलेल्या पफच्या पट्ट्या मिळतात. त्यात जाम किंवा चॉकलेट भरून दहा मिनिटांत गोड पफ तयार होतात, आणि पोरे खूश. पण त्या पट्टीच्या थरांमध्ये चरबी आधीच लाटलेली असते. आपल्या चिरोट्यात साटा असतो तसाच हा प्रकार. अनेक पट्ट्यांत वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा निव्वळ चरबी असते. वरून थेंबभर तेल न लावता भाजले तरी ती आतच आहे. शिवाय ती बहुधा मार्जरीन किंवा वनस्पती, म्हणजे आपल्या बोलीतला डालडा. डालड्यातल्या ट्रान्स फॅटने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. म्हणून सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के अशी मर्यादा घातली. हे चांगले झाले. तरी ट्रान्स फॅट कमी म्हणजे चरबी कमी असे नव्हे. गोठणारी चरबी हृदयाला जडच. पाकीट उलटे करा, घटकांच्या यादीत पहिल्या तीन नावांत काय आहे ते मुलीकडून वाचून घ्या. जे जास्त, ते आधी लिहावे लागते.

तर मग घरी काय करावे? आमची पसंती साध्या करंजीला आहे. एक वाटी पीठ घ्या, साधारण सव्वाशे ग्रॅम. अर्धे गव्हाचे, अर्धा मैदा. सगळे गव्हाचे घेतले तरी चालते, पारी थोडी कडक होते इतकेच. त्यात दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन, चिमूटभर मीठ, आणि दुधाने घट्ट मळून वीस मिनिटे झाकून ठेवा. मोहन याहून कमी करण्याचा मोह टाळा. तेलात ते चालून जाते, कोरड्या हवेत करंजीचा दगड होतो. सारणाला किसून भाजलेले सुके खोबरे अर्धी वाटी, एक चमचा भाजलेले तीळ, दोन चमचे शेंगदाण्याचे कूट, चिरलेला गूळ पाव वाटी, वेलची. छोट्या दहा करंज्या होतात.

कडा दुधाने चिकटवून काट्याने दाबा किंवा कातण फिरवा. मग वरून काट्याचे एकच टोचे मारा. कढईत हे कधी करू नये, सारण तेलात सुटते आणि तेल जळते. इथे मात्र वाफेला वाट नसेल तर करंजी कडेला फुटते. चमचाभर तेलात तेवढेच दूध फेटून बोटाने वर पुसा. मशीन तीन मिनिटे रिकामे तापवा, करंज्या एकमेकींना न चिकटता ठेवा, १६० अंशांवर दहा-बारा मिनिटे. सातव्या मिनिटाला उलटा.

१८० वर झटपट होतील असे वाटते, पण गूळ लवकर काळपट पडतो. पिठाचे पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजताना अ‍ॅक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ते अन्नात असल्याचे दाखवले, आणि ते जितके कमी पोटात जाईल तितके बरे असे तज्ज्ञ सांगतात. त्यावर घरगुती उपाय एकच, रंग सोनेरी झाला की बाहेर. काळ्या कडा खमंग म्हणून खाऊ नका.

आता हिशेब. अशा एका करंजीत साधारण १४० कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास गूळ आहे. चाळीस ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही कॅलरी जवळपास तेवढ्याच. चहाबरोबर तीन करंज्या सहज जातात, म्हणजे जेवणाआधीच तीन छोट्या भाकरी झाल्या. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली सगळी साखर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे सहा छोट्या चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. त्यात गूळ आणि मधही आले. तीन करंज्यांत १८ ग्रॅम गेले, आणि चहातली साखर अजून मोजलीच नाही.

गुळाबद्दल जरा स्पष्टच बोलतो. "गूळ चालतो, साखर नको" हे वाक्य वस्तीत इतके रुजले आहे की डॉक्टरांसमोरही बायका ते ठामपणे सांगतात. गुळात थोडी खनिजे आहेत, पण तो बहुतांशी साखरच आहे आणि रक्तातली साखर तोही वाढवतो. खजुराचेही तेच, फक्त त्यात चोथा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी तपासून घ्यावे. मधुमेह असलेल्याने करंजी कधी खाऊच नये असे आम्ही म्हणणार नाही. सणाला एक, जेवणाबरोबर, आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी. उपाशी पोटी चहाबरोबर नाही.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम फुटला, हात थरथरले, बोलणे अडखळले, तर साखर उतरली असू शकते. तेव्हा समोर आहे म्हणून करंजी किंवा चॉकलेट देऊ नका. त्यातल्या तेल-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

लहान मुलांसाठी करंजीपेक्षा सोपा प्रकार आहे. उरलेल्या पोळीवर कुस्करलेले पिकलेले केळे, तीळ, थोडे कूट पसरा. घट्ट गुंडाळी करा, वर तेलाचे बोट, १८० अंशांवर पाच मिनिटे. साखर लागत नाही. गुंडाळीचे तोंड खाली ठेवा किंवा दातकाडीने टोचा, नाहीतर पंखा पोळी उलगडून वर तारेवर नेतो. याच कारणाने तापवताना रिकाम्या टोपलीत कागद घालू नका, तो उडून पेट घेतो. शंकरपाळीही होते, १६० वर, मधून टोपली हलवत. गुलगुले, मालपुवे असे सरबरीत पिठाचे प्रकार यात करायला जाऊ नका. पीठ भोकांतून गळते आणि घासायचे काम तेवढे वाढते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारले तर आमच्या मते पहिले कारण तेल वाचणे हे नाही. भाजणे वाचणे हे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर शेगडी, शेजारी रांगणारे मूल आणि उकळती कढई. दवाखान्यात काम करताना दिवाळीच्या आठवड्यात तेलाने भाजलेली मुले आणि बाया आम्ही पाहिल्या आहेत, आणि बहुतेकींच्या जखमेवर टूथपेस्ट किंवा हळद थापलेली असायची. भाजले तर आधी बांगड्या, अंगठी काढा आणि नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. नळाला पाणी नसेल तर पिंपातले तांब्याने सतत ओता. बर्फ नको, पेस्ट नको, शाई नको, फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल झाका. जखम स्वतःच्या तळहाताहून मोठी असेल, चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर, जांघेत असेल किंवा मूल लहान असेल तर दवाखाना गाठाच. कढईने पेट घेतला तर पाणी मारू नका. गॅस बंद करा, झाकण ठेवा.

एअर फ्रायरही भाजतो. टोपली ओढताना तोंडावर वाफ येते. आणि आतला वितळलेला गूळ बाहेरची पारी कोमट झाली तरी चटका देतो. मुलाच्या हातात देण्याआधी दहा मिनिटे थांबा, एक मोडून बघा.

विजेचे पाहणे तर सगळ्यात आधी. बहुतेक मशीन १४०० ते १५०० वॉटचे असते. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर. आपल्या घरातला बारीक पिनांचा साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा सॉकेट नसेल तर मशीन आणूच नका. अडॅप्टर लावून, फ्रिज आणि पंखा असलेल्याच बोर्डावर चालवले की वायर तापते, आणि पत्र्या-प्लायच्या घरांत आग लागायला तेवढे पुरते. वीज फार खात नाही. पंधरा मिनिटांना जास्तीत जास्त पाऊण युनिटाच्या निम्मी, दहा रुपये युनिट धरले तरी चार रुपयांच्या आत. पण मशीनची किंमत काही हजार रुपये आहे. त्यासाठी हप्ता बांधून घेऊ नका. घ्यायचेच तर बचत गटाने मिळून एक घ्यावे.

मशीनशिवायही होते. जाड बुडाच्या जुन्या कढईत बोटभर मीठ पसरा, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, आणि दहा मिनिटे तापवा. मग ताटलीला तेलाचा हात लावून करंज्या ठेवा, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. कुकर वापरला तर शिटी आणि रबर दोन्ही काढून. ते मीठ पुढच्या वेळेला जपून ठेवता येते.

आणि तळायच्याच असतील तर तळा, पण तळणीचे तेल आठवडाभर पुन्हा पुन्हा तापवू नका. हॉटेलवाल्यांनाही तेल ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडल्यावर वापरायला १ जुलै २०१८ पासून कायद्याने बंदी आहे. उरलेले गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळे, चिकट, फेस येणारे, लवकर धुरावणारे तेल टाकून द्या, मोरीत मात्र नको.

विहारातल्या कार्यक्रमाला शंभर करंज्या करायच्या असतील तर हे मशीन कुचकामी. टोपलीत सहा-सातच मावतात, म्हणजे पंधरा घाणे आणि तीन तास. त्यापेक्षा जुनी रीत बरी. दिवाळीत नानकटाईचे पीठ घेऊन बाया बेकरीच्या भट्टीवर जायच्या, तशा अजूनही काही ठिकाणी जातात. आदल्या दिवशी बेकरीवाल्याला विचारून ठेवा, त्याचे ट्रे मागून घ्या, करंज्या घरून भरून ओल्या फडक्याखाली न्या. भट्टीची सकाळची गर्दी ओसरली की तो किलोमागे थोडे पैसे घेऊन भाजून देतो, आणि शंभरच्या शंभर दोन खेपांत निघतात.