दमट हवेतला संसार

जुलै संपत आला होता. आठ दिवस घोटीत ऊन पडलं नव्हतं. घरभर दोऱ्या बांधून त्यांवर कपडे टाकले होते, तरी साड्यांच्या निऱ्या ओल्याच. अशा संध्याकाळी सिंगापूरहून भाचीचा फोन आला. लग्नाला वर्ष झालेलं, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे जाऊन तीन महिने.

"मावशी, त्याचे ऑफिसचे बूट कपाटात हिरवे पडले गं. आणि आईनं दिलेल्या मेतकुटाचा नुसता गोळा झालाय."

तिला सांगितलं, चामडं कोंडून ठेवू नकोस. कपाटाचं दार दिवसा उघडं टाक, दोन जोड असतील तर आलटून पालटून घालायला सांग. मेतकूट मंद आचेवर कोरडं परत आणि काचेच्या बरणीत भर. रवा आणल्या दिवशीच भाजून ठेव. पोरगी चार हजार किलोमीटर लांब गेली खरी, पण फोन ठेवल्यावर वाटलं, ती जाऊन पडली आमच्याच श्रावणात.

बुरशीचे सूक्ष्म कण हवेत बारा महिने असतात. हवा कोरडी असते तोवर ते नुसते पडून राहतात. हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, की चामडं, कापड, कागद, पीठ, सगळं हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या ओलीवर बुरशी धरते. इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सिंगापूरला साधारण चोवीसशे, आणि तो वर्षभर वाटून. पाऊस तिथे कमी, ओल मात्र कायमची. म्हणूनच आमच्याकडे आगोट आहे. मृगाच्या आधी कौलं परतायची, सरपण आणि गोवऱ्या आत घ्यायच्या, डाळी-मसाल्यांना कडक ऊन दाखवायचं, मीठ-मिरची भरून ठेवायची. विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावरच्या गावात पावसाळ्याआधीचे असे दिवसच नाहीत. तिथे भरून ठेवण्यापेक्षा थोडं थोडं आणणं शहाणपणाचं. माझ्या भाचीला हे कळायला तीन महिने आणि आईच्या हातचं मेतकूट खर्ची पडलं.

हीच शिकवणी आमच्या शेजारी दीडशे वर्षांपूर्वी फार महागात झाली होती. घोटीहून इगतपुरी दहाएक किलोमीटर. कसारा ते इगतपुरी हा थळघाटातला लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. घाट चढून आलेल्या गाडीचं पहिलं मोठं ठाणं इगतपुरी. तिथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे कारखाने आले, साहेबांचे बंगले आले, चर्चं आली. उंची सहाशे मीटर, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मुंबईचे गोरे लोक हवापालटाला येत. त्यांना ही हवा मानवली ती उन्हाळ्यात. जूनमध्ये खरा प्रश्न सुरू होई.

रेल्वेच्या कामासाठी आलेल्या गोऱ्या जोडप्यांपैकी एका बाईबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचं होतं. ती आमच्या घाटातली नव्हे, शेजारच्या बोरघाटातली. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदारानं १८५९ मध्ये बोरघाटाचं अर्धवट राहिलेलं काम घेतलं. आधीच्या कंत्राटदाराच्या काळात मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला होता आणि त्यानं काम सोडलं होतं. ट्रेडवेल बायकोला, ॲलिसला, घेऊन आला आणि काही आठवड्यांतच, नोव्हेंबर संपता संपता, आजारानं वारला. परक्या मुलखात, बोलायला माणूस नाही, मागे इतकं मोठं कंत्राट. मिळेल त्या बोटीनं ती परतली असती तर कुणी नावं ठेवली नसती. ती राहिली. ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन अनुभवी अभियंते तिनं कामावर नेमले आणि कंत्राट पुरं करून दिलं. एप्रिल १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांना तो दिवस दिसला नाही. प्रकृती ढासळल्यानं ते मायदेशी परतले आणि १८६२ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गेले.

कामाचा जोर होता तेव्हा बोरघाटावर चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. तीही परगावची माणसं, आणि त्यांतही जोडपीच फार: नवरा खणणारा, बायको डोक्यावर पाटी वाहणारी. गवताच्या झोपड्या, ओढ्याचं पाणी, आणि पटकी आली की माणसं हजारांनी गेली. ॲलिसचं नाव निदान कागदावर उरलं. पाटी वाहणाऱ्या बाईचं नाव लिहून ठेवावं असं तेव्हा कुणालाही वाटलं नाही. घाटातून जाताना बोगदा लागला की मला आधी ती आठवते.

गोऱ्या जोडप्यांच्या नित्याच्या जगण्यात सगळ्यात मोठी अडचण होती ती चुकीच्या समजुतींची. पटकी पोटाला गारवा लागून होते असं मानून ऐन उकाड्यात पोटाला फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळत. ती दूषित पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच दाखवलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला काळ गेला. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तिचे जंतू ओळखले ते १८८४ मध्ये. हिवतापाचंही तसंच. दलदलीच्या खराब हवेनं तो येतो अशी समजूत, म्हणून रात्री खिडक्या बंद. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला २० ऑगस्ट १८९७ रोजी. तोवर आधार एकच, कडूजहर क्विनीन. ती सोड्याच्या पाण्यात घालून पीत, आणि त्यातूनच टॉनिक वॉटर आलं.

घराच्या बाबतीत मात्र ते लवकर शहाणे झाले, कारण तिथे इथल्या माणसांचं ऐकलं. बंगला हा शब्दच बंगालवरून आलेला. उंच छप्पर, म्हणजे तापलेली हवा वर जाते. चहूकडे ओसरी, म्हणजे भिंतीला ना ऊन लागत ना झोडपा. जोतं उंच, म्हणजे ओल वर चढत नाही. आमच्या भागातल्या जुन्या घरांत हेच सारं लहान मापात दिसेल. वाळ्याच्या ताट्यांचं मात्र सगळीकडे जमलं नाही. दारात ओली ताटी लावली की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते आणि खोली गार होते. नागपूरच्या कोरड्या उन्हात ही युक्ती राज्य करते. मुंबईत किंवा इगतपुरीच्या पावसात हवेला आणखी पाणी घ्यायला जागाच नसते. ताटी गळते, खोली तशीच. कूलर सिंगापुरात का चालत नाही, याचंही उत्तर हेच. ली क्वान यू यांनी पंतप्रधान झाल्यावर सरकारी कचेऱ्यांत आधी वातानुकूलन बसवलं आणि आपल्या शहराच्या भरभराटीचं मोठं श्रेय त्याला दिलं. बाहेर तेहतीस अंश, आत बावीस. भाची म्हणते, तिथे स्वेटर ऑफिसात लागतो.

संसार थाटून देण्याचं पुस्तकही त्या काळात निघालं. फ्लोरा ॲनी स्टील ही १८६८ मध्ये नवऱ्याबरोबर आली आणि बावीस वर्षं मुख्यतः पंजाबात राहिली. ग्रेस गार्डिनर हिच्यासोबत तिनं १८८८ मध्ये नव्यानं येणाऱ्या बायकांसाठी घर चालवण्याचं जाडजूड पुस्तक काढलं. कोठीची किल्ली कमरेला ठेवा, सामान रोज मोजून द्या, स्वयंपाकघरात स्वतः फेरी मारा आणि भाषा शिका. नोकरांकडे बघण्याची तिची नजर हुकूमशहाची आहे, ती मला पटत नाही. भाषेबद्दलचं म्हणणं मात्र पटतं. आयेशी, भिस्त्याशी, खानसाम्याशी जिला बोलता येत नव्हतं, तिला दूध उकळलं का, पाणी कुठल्या विहिरीचं, हेही कळत नव्हतं. अशा घरात भाषा यायची की नाही हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

इंग्रजांच्या कितीतरी आधी आलेले पोर्तुगीज वेगळ्या वाटेनं गेले. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आल्बुकर्कनं आपल्या माणसांना इथल्या बायकांशी लग्नं करून राहायला लावलं. त्यामागे राज्य टिकवण्याचा हिशेब होता, पण चुली एक झाल्या. म्हणून बटाटा, पाव, चावी, घमेलं, पगार आणि खुद्द 'आया' हे शब्द आज घोटीच्या घराघरांत आहेत, आणि ते परके आहेत असं कुणाला वाटतही नाही. इंग्रज जोडपं कायम बदलीवरच राहिलं.

त्याची किंमत मुलांनी मोजली. इथल्या हवेत मूल वाढवू नये, पाच-सात वर्षांचं झालं की विलायतेला पाठवावं, अशी रीत होती. दुसरी एक ॲलिस १८६५ मध्ये लग्न होऊन मुंबईला आली. नवरा जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवायला. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला रुडयार्डचा जन्म झाला. १८७० मध्ये तान्हं मूल गेलं. पुढच्या वर्षी पाच वर्षांचा रुडयार्ड आणि तीन वर्षांची बहीण ट्रिक्स यांना इंग्लंडमध्ये पैसे देऊन परक्या घरी ठेवलं आणि आईबाप न सांगता परतले. मुलांना आई पुन्हा दिसली १८७७ मध्ये. त्या दिवसांवर रुडयार्ड किपलिंगनं १८८८ मध्ये एक कथा लिहिली. तिच्यातला लहानगा नेहमीप्रमाणे आगगाडीनं घाट चढून नाशिकला जायचं म्हणून खुशीत असतो, आणि नोकर त्याला सांगतो की यंदा नाशिक नाही. नाशिकची गाडी घोटीवरूनच जाते. ती कथा वाचल्यापासून फलाटावर खिडकीला नाक लावलेलं पोर दिसलं की माझ्या पोटात कालवतं.

आज मुलं आईबापांजवळ राहतात. हिवतापाला औषध आहे, फोनवर आई दिसते. पण मागून आलेल्या जोडीदाराचं कोडं सुटलेलं नाही. सिंगापुरात नोकरदाराच्या पतीला किंवा पत्नीला अवलंबितांचा पास मिळतो. पूर्वी त्या पासावर साध्या संमतिपत्रानं नोकरी करता येई. १ मे २०२१ पासून बहुतेकांना स्वतःचा वेगळा कामाचा परवाना लागतो. माझी भाची नाशिकला सहा वर्षं हिशेबनीस होती. सिंगापुरात ती दिवसभर अकराव्या मजल्यावर, आणि नवऱ्याच्या जगात रोज नवी माणसं. बुटांवरच्या बुरशीनं कुणाला रडू येत नाही. त्या संध्याकाळी तिचा आवाज कापत होता तो कशानं, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

दारेसलामला राहून आलेली माझी एक मैत्रीण आहे. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बाजारात पाठव तिला, रोज. मॉलमध्ये नको." स्वत: तिनं तेच केलं होतं. बाजारात स्वाहिली कानावर पडू लागली आणि तिच्या लक्षात आलं, दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा', आंब्याला 'एंबे'. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या गलबतांबरोबर हे शब्द इकडून तिकडे पोचलेले. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, 'मसिका'. तो लागायच्या आधी काय काय सुकवून ठेवायचं ते तिला एका भाजीवालीनं सांगितलं. तिथेही आगोट होती, फक्त मृगाऐवजी फाल्गुनात.

भाचीला मी लिटल इंडियातल्या टेक्का बाजारात जायला सांगितलं. कढीपत्ता, ओलं खोबरं, अळूची पानं, सगळं मिळतं तिथे. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तमिळ भाजीवाल्या आजीनं तिला कपाटात उघड्या वाटीत कोळसा ठेवायला सांगितला होता. तो ओल ओढतो. "तुला कसं माहीत नव्हतं गं मावशी?" खरंच माहीत नव्हतं. बाहेर धो धो चालू होतं. मी चुलीजवळच्या पाटीतून चार कोळसे निवडले, वाटीत घातले आणि माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवले.