फोटोतलं विमान

चिखलदऱ्याच्या पावसात ओल धरलेली पेटी उघडली नि सासूबाईंच्या भावाचा विमानाशेजारचा फोटो निघाला. "माहा भाऊ लढाईत होता वं," त्या नेहमी अभिमानाने सांगायच्या.

मी भिंग घेऊन बसले. जे.आर.डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पुस मॉथ एका मजल्याच्या पंखांचं, बंद केबिनचं. इथे पंख एकावर एक, किंचित मागे झुकलेले, बैठका दोन नि उघड्या. म्हणजे शिकाऊ वैमानिकांचं टायगर मॉथ! अंगावर 'व्हीटी' अक्षरं, भारतातल्या नागरी विमानांची खूण. लष्करी गोल चिन्ह नाहीच.

सांगू की नको? शेवटी सांगितलंच. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "लढला नसन, पण विमानापर्यंत तं पोचला ना!"

मैत्रिणींनो, फोटोंमागे नाव, साल आजच लिहून ठेवा.