टेन्शनमध्ये जीव घाबरा होतो, झोप उडते : शरीर आणि मन शांत कसे करावे?

बालाघाट : दिवाळी सरते, धानाची कापणी अर्ध्यावर येते आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून येते. कापलेल्या कडपा बांधीत पडलेल्या. सोसायटीच्या कर्जाची तारीख जवळ आलेली. खरेदी केंद्रावर नंबर लागायचा बाकी. पोरगा नागपूर नाहीतर हैदराबादला कामावर आणि त्याचा फोन दोन दिवसांपासून लागत नाही. बालाघाट, वारासिवनी, लांजी असो की सीमेपलीकडचे आमगाव, गोंदिया, तुमसर; चित्र सारखेच.

अशा दिवसांत अनेक घरांत एकच बोलणे ऐकू येते. ‘जीव घाबरा होते’, ‘छातीत धडधडते’, ‘डोळा लागत नाही’, ‘पोटात गोळा येते’. कोणी म्हणतो बीपी वाढला, कोणी म्हणतो गॅस झाला, कोणी नजर काढायला सांगतो. प्रत्यक्षात हे बहुतेक वेळा ताणाला शरीराने दिलेले उत्तर असते. ते कसे घडते हे समजले तर निम्मी भीती तिथेच कमी होते.

शरीरात नेमके काय होते?

बांधीच्या धुऱ्यावर अचानक साप दिसला तर आपण विचार करत बसत नाही, मागे उडी मारतो. त्या क्षणी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, श्वास भराभर होतो, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचा अभ्यास केला. लढायला किंवा पळायला शरीर असे तयार होते, हे त्यांनी दाखवले.

साप निघून गेला की शरीर पुन्हा जागेवर येते. पण कर्ज, पाऊस, निकाल, कोर्टाची तारीख हे धुऱ्यावरच्या सापासारखे निघून जात नाहीत. शरीराला मात्र फरक कळत नाही. ते रात्रंदिवस तयारीतच राहते. कॉर्टिसॉल नावाचे दुसरे रसायन वाढलेले राहते. मग झोप तुटते, चिडचिड होते, पोट बिघडते, मान-खांदे आखडतात. म्हणजे हा मनाचा कमकुवतपणा नाही. शरीराची धोक्याची घंटा वाजत राहिली आहे, ती बंद करायची आहे.

आधी एक गोष्ट नक्की करा

छातीत दाब किंवा दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, उलटीसारखे वाटणे, दम लागणे असे काही असेल तर ‘टेन्शन आहे, होईल ठीक’ म्हणून घरी बसू नका. हृदयविकाराचा झटकाही असाच दिसतो. आधी दवाखाना, ईसीजी, मग बाकीचे. १०८ ची रुग्णवाहिका मध्य प्रदेशातही आहे, महाराष्ट्रातही आहे. हृदय ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, की मग पुढचे उपाय.

श्वास : आपल्या हातातली दोरी

हृदयाचे ठोके आपण हुकूम देऊन कमी करू शकत नाही. श्वासाचे मात्र तसे नाही. तो आपोआपही चालतो आणि आपण मनाने संथही करू शकतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते. म्हणून श्वास बाहेर सोडण्याचा वेळ वाढवला की ‘व्हेगस’ या मज्जातंतूमार्फत शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप जातो.

करायचे असे :

– पाठ टेकवून बसा. एक हात पोटावर ठेवा.
– मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास आत घ्या. पोट फुगले पाहिजे, छाती नव्हे.
– सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर सोडा.
– पाच मिनिटे चालू ठेवा. मोजताना चुकले तरी हरकत नाही, पुन्हा सुरू करा.

साधारणपणे माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. वरच्या पद्धतीने ते सहाच्या आसपास येतात. पहिल्या मिनिटाला काही वाटणार नाही, चौथ्या-पाचव्या मिनिटाला फरक जाणवतो. गरगरले तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. घाबरून श्वास फार जोरात चालला तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना, ओठांना मुंग्या येतात. त्या पाहून माणूस आणखी घाबरतो. तेव्हा पिशवी तोंडाला लावण्याचा जुना उपाय करू नये. श्वास संथ करणे पुरेसे असते.

भजनाने बरे वाटते, त्याला कारण आहे

२००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास छापून आला. त्यांनी २३ जणांना लॅटिनमधील रोझरीची प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लयही सुधारली. धर्म वेगळा, भाषा वेगळी, परिणाम सारखा.

आपल्याकडे गावोगावी हरिपाठ आहे, भजन मंडळे आहेत, रामायण मंडळ्या आहेत. लांब ओळ एका दमात म्हणायची म्हणजे श्वास लांब सोडावाच लागतो. शिवाय चार माणसे शेजारी बसलेली असतात, तो आधार वेगळाच. देवावर विश्वास असो नसो, संथ लयीत गाणे किंवा गुणगुणणे शरीराला शांत करते.

अंग सैल सोडायला शिका

दिवसभर रोवणी, कापणी करून अंग दमते, पण दमलेले अंग सैल असेलच असे नाही. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू क्रमाने सैल करण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिले. ती पद्धत आजही वापरली जाते. रात्री अंथरुणावर पडल्यावर पायाची बोटे पाच सेकंद आवळा, मग सोडून द्या. मग पिंढऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी चेहरा. प्रत्येक वेळी आवळणे आणि सोडणे यातला फरक लक्षात घ्या. जिथे दुखापत आहे तो भाग आवळू नका.

मराठी माणसाला शवासन माहीत आहेच. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिकही त्याच वर्षीचे. अशा गोष्टी सांगोवांगी न ठेवता तपासून पाहाव्यात, ही दृष्टी आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे.

डोक्यातले चक्र कसे थांबवावे?

शरीर थोडे शांत झाल्यावर मनाकडे वळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताणाच्या काळासाठी एक सचित्र पुस्तिका काढली. तिच्यातली एक साधी गोष्ट अशी : विचारांच्या वावटळीत अडकलात तर आधी पाय जमिनीवर टेकवा. आजूबाजूला काय दिसते, काय ऐकू येते, हाताला काय लागते ते पाहा. विचार पळवून लावायचे नाहीत. ‘मला काळजी वाटते आहे’ असे त्याला नाव द्यायचे आणि हातातल्या कामाकडे परत यायचे.

दुसरा उपाय कागद-पेनाचा. मध्ये रेघ ओढा. एका बाजूला जे आपल्या हातात नाही ते लिहा : पाऊस, भाव, निकाल. दुसऱ्या बाजूला आज करता येईल ते : ओल्या कडपांचे फोटो काढणे, पटवारी किंवा तलाठ्याला कळवणे, पीक विम्याच्या १४४४७ या हेल्पलाइनवर आपल्या राज्याचा नियम विचारणे. जिथे कापलेल्या पिकाच्या नुकसानीला विमा लागू असतो तिथे ७२ तासांत कळवावे लागते, तेव्हा हे काम उद्यावर ढकलू नये. एक काम जरी झाले तरी मनावरचा दगड थोडा सरकतो.

या गोष्टी शांत करत नाहीत

‘थोडी घेतली की झोप लागते’ असे म्हणणारे बरेच आहेत. दारूने, मग ती मोहाची असो की दुकानातली, झोप लवकर लागते पण मध्यरात्री तुटते आणि सकाळी धडधड वाढते. खर्रा, तंबाखूतील निकोटिन हृदयाची गती वाढवते. संध्याकाळनंतरचा कडक चहा झोप पळवतो. मोबाइलवर रात्री बारापर्यंत वाईट बातम्या पाहणेही तसेच. मेडिकलमधून कोणाच्या तरी चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणून घेऊ नयेत, त्यांची सवय लागते.

कधी मदत घ्यावी?

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, कामावर जाणे सुटले असेल, तर हे घरगुती उपायांचे काम राहिले नाही. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठी, हिंदीसह २० भाषांत बोलता येते. मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्यासाठी ‘मनकक्ष’ आहेत. ‘लोक पागल म्हणतील’ या भीतीने अनेक जण बालाघाट सोडून थेट नागपूर गाठतात, तेही उशिरा. जवळ मिळणारी मदत आधी घ्यावी.

घरातला कोणी ‘आता जगून काय फायदा’ असे बोलू लागला, हिशोब मिटवू लागला, एकटा-एकटा राहू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असे सरळ, प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उपदेश करू नका, ऐका. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरातून हलवून कुलपात ठेवा. पोलीस केसच्या भीतीने गोष्ट लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते. त्याला उपचार आणि आधार देण्याची जबाबदारी सरकारवर आहे.

पाऊस आपण थांबवू शकत नाही. पण त्या रात्री घरात कोण किती घाबरले आहे, हे विचारू शकतो. आज रात्री जेवताना मोबाइल बाजूला ठेवून एवढे तरी विचारा.