पर्शियाचा राजपुत्र, व्हाया नगर-पुणे!

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेला होतात? मग 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करून गेम चालू करणारा एक तरी अवलिया तुमच्या बॅचला असणारच. डॉसवरच्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची ही चोरवाट! त्यानंतर शिफ्ट आणि एल दाबा, थेट पुढची लेव्हल. सरांची पाठ वळली की राजपुत्र सुसाट!

पण हा राजपुत्र खरा कोण, माहीत आहे का? गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरचा धाकटा भाऊ डेव्हिड! पांढरे कपडे घालून त्याला पार्किंगमध्ये पळवलं, उड्या मारायला लावल्या, शूटिंग केलं आणि मग फ्रेम गिरवत गिरवत १९८९ मध्ये 'अ‍ॅपल टू'वर गेम उतरवला. तलवारबाजी १९३८ च्या 'रॉबिन हूड' सिनेमातून उचललेली. संगीत? वडिलांचं! हरवलेला सोर्स कोडही २०१२ मध्ये सापडला तो वडिलांनाच, जुन्या फ्लॉपींच्या खोक्यात. फुल फॅमिली पॅक!

आणि तो आरशातून उडी मारणारा काळा जुळा? निव्वळ जुगाड! मेमरी इतकी टिचभर की नव्या पात्राला जागाच नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं जराशी सरकवून त्याच चित्रांवर टाकली आणि झाला 'शॅडो मॅन' तयार. गंमत म्हणजे त्याला मारलं तर तुम्हीच मरता. तलवार म्यान केली तरच सुटका!

आणखी एक. साइड-व्ह्यू असूनही हा गेम स्क्रोल होतच नाही. कडेला पोचलात की फटकन पुढचा पडदा. हातात मिनिटं फक्त ६०.

आता नगरी तडका! गेममध्ये कपटी वजीर आहे, जाफर. पण फारसी, राजपुत्र आणि दगाबाज मंत्री हे त्रिकूट नगरच्या निजामशाहीत खरोखर घडलं होतं, माहीत आहे का? इतिहासकार फिरिश्ता मूळचा इराणातल्या अस्त्राबादचा. त्याचे वडील अहमदनगरला आले ते राजपुत्र मीरान हुसेनला फारसी शिकवायला. शिकवणीला फिरिश्ताही सोबत. पुढे या राजपुत्राने बापालाच हटवून तख्त बळकावलं, आणि वर्षभरात मंत्री मिर्झा खानने त्याचा काटा काढला. साल? १५८९. गेमच्या बरोबर ४०० वर्षं आधी! इथे शिफ्ट-एल नव्हतं हो.

नगरहून पुणं हाकेच्या अंतरावर, तर राजपुत्र तिथेही पोचला. २००३ चा थ्रीडी 'सँड्स ऑफ टाइम' आठवतो? सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टने त्याचा रीमेक जाहीर केला, आणि बनवणार कोण? कंपनीचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ! इतक्या मोठ्या गेमची सूत्रं थेट भारतात. कॉलर टाइट!

पण ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवरून नेटकरी तुटून पडले. एका ट्रेलरवर निकाल लावणं घाईचंच होतं, असं आपलं मत. रिलीज जानेवारी २०२१ वरून मार्चवर, मार्चवरून बेमुदत. ज्या गेममधल्या खंजिराने वेळ मागे फिरते, त्याचीच तारीख पुढे पुढे! मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून माँट्रियलला गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये तर गेमच रद्द. गेम ओव्हर, तोही रिलीजआधी!

मधल्या काळात २०२४ मध्ये आला 'द लॉस्ट क्राउन'. पुन्हा तोच बाजूने दिसणारा, उड्यांचा खेळ. फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या स्टुडिओने केलेला. ट्विस्ट असा की यात हिरो आहे सार्गॉन नावाचा योद्धा, आणि प्रिन्स? तो बिचारा किडनॅप झालाय! सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ३५ वर्षांनी चक्क फारसीत बोलतोय!