हायस्कुलात पाऊल टाकताना

वऱ्हाडातील उन्हाळा कडक. म्हणून येथील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवसांत वरूडच्या एस्. टी. स्थानकावर आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली मुलेमुली नवी दप्तरे सावरीत उतरताना दिसतात. ज्यांच्या गावची शाळा आठवीशी संपते, त्यांची नववी तालुक्याच्या हायस्कुलात सुरू होते. शहरातल्या मुलास गाव सोडावा लागत नाही. पण इयत्ता बदलते, तेव्हा त्याच्याही पायाखालची जमीन थोडीफार बदलतेच. हा बदल नेमका कोणता, हे विद्यार्थ्याने व त्याच्या पालकांनी आरंभीच समजून घेणे अगत्याचे आहे.

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांस आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्या छत्राखाली दुपारचे जेवण शाळेत मिळते, पाठ्यपुस्तके फुकट मिळतात आणि पुष्कळ वर्षे कोणासही नापास करीत नसत. २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षेचे बंधन पुन्हा घातले. तरी मधल्या इयत्तांतील कच्चेपणा पुष्कळदा झाकलेलाच राहतो. नववीत पाऊल टाकताच हे छत्र सरते. पुस्तके विकत घ्यावी लागतात, डबा घरून न्यावा लागतो आणि वर्षाच्या शेवटी नापास होण्याचा धोका खरा असतो. शाळा कायमची सुटते ती बहुधा अशाच वळणावर. मूल एका दिवसात शाळा सोडीत नाही. आधी गणिताच्या तासाला ते मागच्या बाकावर बसू लागते, मग आठवड्यातून एक दिवस गैरहजर राहते, आणि संत्र्याच्या तोडीच्या हंगामात जे घरी राहते, ते परत येत नाही.

असे असता घरोघरी नववीकडे मात्र दुय्यम दृष्टीने पाहिले जाते. बोर्डाची परीक्षा दहावीला. नववीची शाळाच घेते, मग तिची चिंता कशाला, असा हा हिशेब. तो चुकीचा आहे. दहावीच्या गणिताचा व विज्ञानाचा पाया नववीतच घातला जातो, आणि नववीचा पाया सहावी-सातवीच्या अपूर्णांकांवर व ऋण संख्यांवर उभा असतो. उणे तीन आणि अधिक पाच यांची बेरीज ज्यास अडते, त्यास बहुपदी समजणार कशी? दोष बुद्धीचा नसतो. खालची पायरी निसटलेली असते.

वरूडच्या माणसास हे सांगावयास दूरचा दाखला नको. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात आणि ते कलम पुढे बागेत लावतात. फळ येण्यास चार-पाच वर्षे लागतात. परंतु कलम जगणार की नाही, हे लागवडीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच बहुतेक ठरते. त्या काळात शेतकरी फळाकडे पाहत नाही. मूळ धरले की नाही, हे पाहतो. नववीचे पहिले तीन महिनेही असेच मूळ धरण्याचे समजावेत.

म्हणून पहिले काम असे : शाळा उघडताच सहावी, सातवी व आठवीच्या गणिताच्या पुस्तकांतून दररोज पाच उदाहरणे सोडवावीत. जे अडेल त्यावर खूण करावी आणि गणपतीपूर्वी त्या खुणा पुसून टाकाव्यात. जुनी पुस्तके घरी नसल्यास बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. खालच्या इयत्तेचे पुस्तक हाती धरण्यात कमीपणा मानू नये.

दुसरे काम उजळणीचे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध करून दाखविले की, पाठ केलेल्या गोष्टींचा विसर पहिल्या काही तासांतच वेगाने पडतो; पुढे तो वेग मंदावतो. यास्तव वर्गात शिकविलेले त्याच संध्याकाळी, पुस्तक मिटून, आठवेल तेवढे कागदावर लिहून काढावे. मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. हेच आठवड्याने पुन्हा करावे. डोळ्यांखालून पाच वेळा पाने घालण्यापेक्षा एकवार आठवून लिहिणे अधिक फलदायी होय.

तिसरे काम विचारण्याचे. प्रत्येक विषयाचे शिक्षक निराळे, वर्ग मोठा, आणि खेड्यातून आलेल्या मुलास आपल्या वऱ्हाडी बोलीचा संकोच वाटतो. हा संकोच सोडावा. शंका वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी व तास संपताच विचारावी. शिकवणीचा वर्ग लावल्याने हे काम टळत नाही. मोबाईलवर दुसऱ्याने सोडविलेले उदाहरण पाहून तर मुळीच नाही.

पालकांनी गुणांची चौकशी महिन्यातून एकदा करावी, वहीची रोज करावी. बसच्या भाड्यापायी मुलीची शाळा सोडविण्याचे कारण नाही. पाचवी ते बारावीच्या मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस्. टी.चा प्रवास मोफत आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरच्या मुलांसाठी आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेत जे निवडले गेले, त्यांस नववीपासून बारावीपर्यंत वर्षास १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. परंतु ती पुढे चालू राहण्यास नववीत पहिल्याच खेपेस उत्तीर्ण व्हावे लागते. हे ध्यानी असू द्यावे.

डॉ. पंजाबराव देशमुख १८९८ साली याच अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात जन्मले. हायस्कूलसाठी त्यांस गाव सोडून परमुलखी राहावे लागले. अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून पुढे ते विलायतेस जाऊन डॉक्टरेट मिळवून आले. १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि खेड्यापाड्यांतील मुलांस हायस्कूल जवळ आले. वाट आता सोपी झाली आहे. चालणे मात्र ज्याचे त्यासच आहे, आणि त्याचा आरंभ दहावीत नव्हे, नववीच्या पहिल्या आठवड्यातच करावयाचा असतो.