लोणारच्या काठावर हळदीची पुडी

मानकोली नाक्यावरून पडघ्याच्या दिशेने निघालं की आमण्याला समृद्धी महामार्ग लागतो. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि लोणार आम्हा भिवंडीकरांच्या आवाक्यात आलं. चारशेहून थोडे जास्त किलोमीटर कापले की मेहकरला उतरायचं; तिथून लोणार जवळच. पहाटे निघा. पाण्याच्या बाटल्या, टोपी आणि चिमूटभर हळद बरोबर घ्या.

आधी सरोवराच्या वरच्या काठावर उभे राहा, खाली उतरायची घाई नको. कॅनडा-फिनलंडची हजारो सरोवरं हिमनद्यांनी हळूहळू कोरली. हा सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा वाडगा उल्केच्या एका आघातात झाला. कातळ आपल्या भिवंडीच्या खाणींत निघतो तोच, काळा बसाल्ट. पूर्वी याला ज्वालामुखीचं तोंड समजत. पण इथल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड दाबाच्या धक्क्याने खनिजाची अशी काच होते, ज्वालामुखीत तेवढा धक्का नसतो. वयाचा अंदाज आधी सुमारे 52 हजार वर्षं होता. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन मोजणीने तो सुमारे 5.7 लाखांवर नेला.

आता उतरणीवरच्या धारेपाशी या. गोमुखातून पडणारं हे पाणी गोडं. पांढऱ्या कागदावर ओली हळद चोळून त्यावर धारेचा थेंब टाका: पिवळा रंग तसाच राहतो. मग झाडीतून खाली तळ्याकाठी जाऊन दुसरा थेंब टाका. कागद तांबूस होतो, चुन्याने हळदीचं कुंकू व्हावं तसा. उन्हाळ्यात तांबूसपणा गडद, भरपूर पावसानंतर फिका.

असं का होतं? झरे आणि पाऊस पाणी आत आणतात, पण तळ्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन. त्याने कातळातून आणलेले क्षार मागेच राहतात, वर्षानुवर्षं साठतात. त्यात सोडा मुबलक, म्हणून पाणी नुसतं खारट नाही, अल्कधर्मी आहे. पूर्वी इथून क्षार काढत. त्यांच्या प्रकारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. साबण आणि काच करायला ते जात. मला या नावांचं फार अप्रूप वाटतं: प्रयोगशाळा येण्याआधी लोकांनी डोळ्यांनी आणि जिभेने केलेलं हे वर्गीकरण आहे.

जून 2020 मध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा मिठात रमणारे हॅलोआर्किया सूक्ष्मजीव सापडले, रंग त्यांचाच. त्याच वर्षी लोणारला महत्त्वाच्या पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला.

कमळजादेवीचं देऊळ खाली तळ्याच्या काठालाच आहे. पाण्याची पातळी वाढली की वाट बंद होते, म्हणून उतरण्याआधी वनरक्षकांना विचारा. गावातलं दैत्यसूदन मंदिर मात्र चुकवू नका, त्याच्या भिंतींवरच्या शिल्पांसाठी वेगळा तास ठेवा.

आणि एक विनंती. या वाडग्याला बाहेर जाणारी वाट नाही, हे तुम्ही आता पाहिलंत. धारेवर साबण लावू नका आणि हळदीचा तो कागदही खिशात घालून परत आणा.